कुणाची उजवी?

त्या मंगळवारी मालनबाई दुपारीच दुकान आवरून आली. दुकान म्हणजे फुलबाजारातली चार पाट्यांची जागा. मखमलाबादच्या मळ्यातली शेवंती, झेंडू, गुलाब विकत तिथे तिची तीस वर्षं गेली होती. २००१ सालचा श्रावण चालू होता. अशा दिवसांत फुलवाल्यांना पाठ टेकायचीही सोय नसते. तरी ती आली, कारण लेकीला, छायाला, दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. "पोरीच्या तोंडात कोण काय करतंय ते बघाया नको का?" असं तिचं म्हणणं.

पोर सव्वीस वर्षांची होती आणि वाचनालयात नोकरीला होती. दातांना तारा लावून तिला तीन महिने झाले होते आणि त्या तीन महिन्यांत तिने डॉक्टरांना एकही प्रश्न विचारला नव्हता. वाचनालयात कुणी काही विचारलं तर ती तासभर बोले. पण त्या खुर्चीत आडवं झालं, डोळ्यांवर दिवा आला, की तिला वाटे, आपण विचारणारे कोण?

कॉलेज रोडवरच्या दवाखान्यात डॉ. क्षेमकल्याणींनी एक्स-रे उजेडाला धरला. "वरच्या दातांची मधली रेघ डावीकडे सरकलीय. उजवीकडचा, सुळ्यामागचा एक दात काढावा लागेल. काढणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो."

छायाने मान डोलावली. मालनबाई मात्र पुढे सरकली.

"उजवी कुणाची, डाक्टर?"

"म्हणजे?"

"तुमची का हिची? तुम्ही हिच्या समोर उभे. माझ्यासमोर गिऱ्हाईक उभं ऱ्हातं, म्हणतं उजवीकडचं दे. त्याची उजवी ती माझी डावी. शेवंती मागितली आन् झेंडू गेला तर बदलून देता येतो. दाताचं तसं नाय ना."

मदतनीस शुभांगी फिसकन हसली. डॉक्टरही हसले. "मावशी, डॉक्टर मी आहे का तुम्ही?"

त्यांच्या बोलण्यात विखार नव्हता. पण छायाच्या कानशिलांना चटका बसला. "आई, गप बस ना," ती दबक्या आवाजात म्हणाली. "सगळीकडे बाजार नको मांडूस."

मालनबाई गप्प बसली. ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती, त्यामुळे ते गप्प बसणं खोलीभर जाणवलं.

जिना उतरताना ती एवढंच म्हणाली, "विचारल्यानं काय दात पडतात का गं?" एरवी छाया हसली असती. रिक्षात तिने तोंड बाहेर वळवून ठेवलं. दवाखान्यात तारा आवळल्या होत्या, त्यामुळे घरी तिला चावता येईना, म्हणून आईने भात मऊ शिजवला, वर तूप घातलं, आणि ताट तिच्यापुढे सरकवलं. दोघींनी मालिका पाहिली. उद्या आईशी नीट बोलू, असं काही छायाने ठरवलं नव्हतं. उद्याचा दिवस कुणी ठरवत नाही, तो असतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, हातात अर्धा ओवलेला हार, मालनबाई बाजारात शेजारी बसणाऱ्या लंकाबाईच्या खांद्यावर कलली. "मला वाटलं, डुलकी लागली," लंकाबाई पुढे आल्यागेल्याला सांगत राहिली. "म्हटलं, झोपू द्या जरा. लय दमली व्हती." हृदय थांबलं होतं.

दहावा झाला, तेरावा झाला. मधेच एक तार निसटली आणि तिचं टोक छायाच्या गालात आतून रुतायला लागलं. ती कुणाला बोलली नाही. घास घेताना डोळ्यांत पाणी येई. लोकांना वाटे, आईची आठवण. दोन्ही खरं होतं.

सोळाव्या दिवशी तिने चप्पल पायात सरकवली तेव्हा नवसाआत्या दारात बसली होती.

"कुठं निघालीस?"

"दातांच्या डॉक्टरांकडे."

"धन्य हाय बाई! आई जाऊन महिना नाय झाला आन् हिला दात सरळ करायचेत. काढून टाक त्या तारा. लोक काय म्हणतील?"

"आत्या, दात माझ्या तोंडात आहेत."

"आन् तोंड लय सुटलंय."

"डॉक्टरांपुढे वेळेवर सुटलं असतं तर बरं झालं असतं," छाया म्हणाली आणि निघाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी दिवा ओढला. "चला, आ करा."

छायाने ओठ मिटून घेतले.

"आ करा ना."

ती खुर्चीत उठून बसली. पाय खाली सोडले. "आधी मला काही विचारायचंय. आडवं पडून मला बोलता येत नाही."

"बाहेर पेशंट आहेत, छाया. विश्वास ठेवा जरा."

"विश्वास आहे म्हणूनच तुम्हाला विचारतेय. हा दात काढला नाही तर काय होईल?"

डॉक्टरांनी शुभांगीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. शेवटी स्टूल ओढून बसले. "रेघ तिरकी राहील. चावण्यात फरक पडेल, पुढे झीज होईल."

"काढल्यावर ती फट भरायला किती महिने?"

"सहा-सात."

"आणि तार टोचली तर? फोन करायचा की पुढच्या तारखेपर्यंत सोसायचं?"

"फोन करायचा! टोचतेय का?" त्यांनी वाकून गाल पाहिला. "अरे! किती दिवस झाले?"

"दहा-बारा."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं." तिने पर्समधून घडी घातलेली चिठ्ठी काढली. "यात नुसतं उजवी लिहिलंय. कुणाची उजवी?"

"अय्या," शुभांगी म्हणाली, "अगदी त्या मावशींसारखं!"

डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली, एक्स-रे पुन्हा उजेडाला धरला, चिठ्ठीशी ताडून पाहिला. "तुमची. आमच्यात उजवी नेहमी पेशंटचीच असते. बघा, बरोबरच आहे. उगाच शंका."

"शंका नव्हती, डॉक्टर. प्रश्न होता. उत्तर बरोबर निघालं म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग चिठ्ठीवर दातांची छोटीशी कमान काढली, एका दाताभोवती गोल केला आणि खाली लिहिलं, पेशंटची उजवी.

"खरं तर त्या दिवशीच एवढं सांगायला हवं होतं मी," ते म्हणाले. "तुमच्या मावशी नाराज झाल्या असतील. पुढच्या वेळी आणा त्यांना."

"मावशी नव्हे, आई. ती वारली. दुसऱ्याच दिवशी."

शुभांगीचा हात तोंडाकडे गेला. "मी हसले हो तेव्हा," ती पुटपुटली.

"तुम्ही हसलात ते विसरून गेली असती ती. बाजारात तिला सगळेच हसायचे, ती त्यांना दुप्पट हसायची." छायाने आवाज खाली येऊ दिला नाही. बाहेर बाकावर बसलेली माणसं दाराकडे बघायला लागली होती. बघू देत. "तिला गप्प तुम्ही नाही केलंत. मी केलं. तिचं बोलणं, नखांतला तो हिरवा चीक, बाजारचं लुगडं, सगळं त्या दिवशी इथे माझ्या डोळ्यांत खुपलं. ती माझ्याच दातासाठी भांडत होती आणि मला माझ्या आईची लाज वाटली."