सामाईक वाटेचा कोरम

एलिएत, जिला सगळे मानाने ‘दोन्या’ म्हणत, तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती सकाळच्या कॉफीलाच. ओल्मान तिच्याशेजारी येऊन बसला नाही. ‘सामाईक वाट’ हा पक्ष दोघांनी मिळून काढलेला. तेव्हापासून अशी एक सभा झाली नव्हती, की ओल्मानने कप घेऊन तिच्याजवळ ठाण मांडलं नाही आणि तिच्या ताटलीतला, मक्याच्या पिठाचा अर्धा तामाल पळवला नाही. आज मात्र पक्षाचे अध्यक्षमहाशय लांब, स्टेजच्या कडेला, एवेलिओ साल्मेरोनबरोबर उभे होते. आणि वर हसत होते.

एवेलिओ म्हणजे परदेशातून जुन्या गाड्या आणून विकणारा, टीव्हीवर स्वतःच्याच जाहिरातीत नाचणारा गृहस्थ. त्याला आता देशाचा राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं. मोठ्या पक्षांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं, म्हणून तो एखादा लहान पक्ष हुडकत होता. असल्या पक्षांना लोक टॅक्सी म्हणतात. पैसे मोजायचे, बसायचं, हवं तिथे उतरायचं. ‘सामाईक वाट’ला कुणी टॅक्सी म्हटलं की एलिएतच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पक्षाची नोंदणी व्हावी म्हणून तिने आपल्या पेरेस सेलेदोन भागातल्या चिखलात घरोघर फिरून सह्या मिळवल्या होत्या. दोनदा कुत्रा चावला होता. ते सगळं या नाच्याला भाड्याने द्यायला नव्हे.

ग्रेसिया गावातल्या एका नाचाच्या हॉलमध्ये आज पक्षाचा उमेदवार ठरायचा होता. नावं दोनच. एक एवेलिओ आणि दुसरी हानिया, पुंतारेनासची शाळामास्तरीण, एलिएतच्या हाताखाली पक्षात वाढलेली. मतदान गुप्त. पहिल्या रांगेत निवडणूक न्यायाधिकरणाने पाठवलेली बाई बसली होती आणि तिचं मुख्य काम डोकी मोजण्याचं होतं. निम्म्याहून एक तरी जास्त प्रतिनिधी हॉलमध्ये नसले, तर सभा तिथेच बरखास्त. दुसरी सभा बोलवायला मुदत उरली नव्हती. उमेदवार नाही म्हणजे मतपत्रिकेवर नाव नाही, आणि मतपत्रिकेवर नाव नाही म्हणजे पक्षाचा कारभारच आटोपला.

“दोन्या एलिएत!” एवेलिओ हात पसरून तिच्याकडे आला. “तुमची बस फार लांबून आली म्हणे. घाटात धुकं होतं का हो?”

“होतं. पण आमचा ड्रायव्हर तुमच्यासारखा नाचत नाही, म्हणून पोचलो.”

एवेलिओ खो खो हसला. तिलाही हसू आलं. माणूस समोर हसत असताना तोंड पाडून बसण्याची आपल्याकडे रीत नाही. हसता हसता तिची नजर वर गेली, तर ओल्मान टक लावून पाहत होता. नजरानजर होताच त्याने मान फिरवली. कुठेतरी पाणी मुरतंय, एलिएतने मनाशी म्हटलं.

तेवढ्यात तिच्या बसमधली रोसिबेल कानाला लागली. “पाहिलंत का? वेफरची खोकी एवेलिओच्या गाडीतून आलीत. उतरवून कोणी घेतली? ओल्मानच्या गावच्या माणसांनी, कार्तागोवाल्यांनी!”

“वेफरच आहेत ना, बाई.”

“आज वेफर. उद्या काय?”

एलिएत हसली नाही. खरं तर हे बोलणं हसण्यावारी न्यायचं होतं, पण संशयाला एकदा भूक लागली की त्याला वेफरही पुरतात. गेल्या आठवड्यात ओल्मानने तिचा फोन उचलला नव्हता. सभा नेहमीच्या कार्तागोऐवजी इथे कुणी ठेवली? ओल्मानने. सगळं कसं एकाला एक जुळत गेलं.

जेवणाला कोंबडीभात होता. ती ताट घेऊन सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“ओल्मान, मत हानियालाच ना?”

ओल्मानने चमचा खाली ठेवला. “तू कुणाला देणार, ते आधी सांग.”

“मला विचारतोस? मला?”

“तू मला विचारलंस, म्हणून मी तुला विचारलं.”

“सरळ हो म्हणायला काय जीभ झिजते का तुझी?”

“आणि तुझी?”

एलिएतचा भात तसाच राहिला. हा माणूस तिच्या मुलीच्या लग्नात मुलीच्या वडिलांच्या जागी उभा राहिला होता. तोच आज टॅक्सीची किल्ली दुसऱ्याच्या हातात देत होता.

मग तिने हिशेब मांडला. कार्तागोवाले आणि एवेलिओने जमवलेले चार भुरटे एकत्र आले, तर हानिया पडणार. मतदान जिंकणं शक्य नव्हतं. पण मतदान होऊच न देणं शक्य होतं. ही युक्ती तिला ओल्माननेच शिकवली होती. हरायची वेळ आली की खुर्च्या रिकाम्या करायच्या. पक्ष मरेल हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण विकला जाण्यापेक्षा मेलेला बरा, असं तिने ठरवलं आणि डोळे पुसले.

“चला, सगळ्यांनी,” तिने आपल्या माणसांना हळूच सांगितलं. “बागेत गोळा खायला. एकेक करून निघा. हाक मारली तरी मागे वळायचं नाही.”

दाराशी हानिया भाषण पुटपुटत उभी होती. “कुठे निघालात? आता माझंच भाषण आहे.”

“आलेच, पोरी,” एलिएत म्हणाली. खोटं बोलताना तिला हानियाच्या तोंडाकडे बघवलं नाही.

लाल पत्र्याच्या चर्चसमोर गोळ्याची गाडी उभी होती. पेरेस सेलेदोनची मंडळी दुधाची पावडर घातलेला लालभडक बर्फ ओरपत उभी राहिली आणि एलिएतने हॉलच्या पुढच्या दारावर डोळा ठेवला. कोणी बोलवायला आलं नाही. तिला जरा नवल वाटलं. एवढ्यात चर्चच्या मागच्या बाजूने पावलं वाजली. ओल्मान येत होता, आणि त्याच्या मागे अख्खं कार्तागो.

“तू इथे काय करतेस?” तो जागीच थबकला.

“तू इथे काय करतोस? आत तुझ्या शेठला निवडून कोण देणार?”

“माझा शेठ? मागच्या दाराने माणसं काढली मी, कोरम मोडायला! तू त्याला पक्ष विकणार म्हणून!”

“मी विकणार?”

“सकाळी त्याच्याशी हसत होतीस!”

“अरे, तूही हसत होतास!”

“तो गाडी घ्या म्हणत होता, हप्त्याने! हसू नको तर काय रडू?”

गोळेवाल्याने बर्फ किसायचं थांबवलं. रोसिबेलने हळूच विचारलं, “मग तुम्ही सगळे मत कुणाला देणार होता?”

“हानियाला,” कार्तागोतला एक म्हातारा म्हणाला. “आणखी कुणाला?”

एलिएत धावत सुटली. गुडघे दुखत होते तरी धावली. ओल्मान तिच्या मागे धापा टाकत होता. दोघं हॉलमध्ये शिरले तेव्हा न्यायाधिकरणाची बाई पिशवीची चेन ओढत होती.

“आम्ही आलो! सगळे आलो! मोजा परत!”

“दोन्या, मी तीनदा पुकारलं. सभा बरखास्त झाली, सही झाली. आता माझ्या हातात काही नाही.”

एवेलिओ कोपऱ्यात वेफर खात होता. “देवाशपथ, मी काही केलं नाही,” तो म्हणाला. ते खरंच होतं. मग तो फोन कानाला लावून दुसरा पक्ष गाठायला निघून गेला.

हानिया स्टेजच्या कडेला पाय सोडून बसली होती. एलिएत तिच्याजवळ बसली आणि झालं ते सगळं सांगितलं. लपवण्यासारखं आता उरलंच काय होतं?

“सगळे तुलाच देणार होते गं. मी, ओल्मान, सगळे.”

“मला माहीत होतं,” हानिया म्हणाली. “सकाळी प्रत्येकजण येऊन सांगून गेला होता. दॉन ओल्मानही.”

“मग बोलली का नाहीस? एका शब्दाने सगळं वाचलं असतं!”

“कारण माझा कुणावर विश्वासच बसला नाही. म्हटलं, तोंडावर हो म्हणताहेत, आतून एवेलिओचे झालेत.” तिने मान खाली घातली. “तुमच्याबद्दलही तेच वाटलं, दोन्या एलिएत.”

एलिएतला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही. पोरगी राजकारण शिकली ती एलिएतच्याच हाताखाली, आणि संशय घ्यायलाही तिच्याकडूनच शिकली होती. एलिएत तिच्या शेजारी बसून रडत राहिली, आणि ओल्मान दारातच उभा राहिला. जवळ यायची त्याची हिंमत झाली नाही.