ओके ४१

“एटी नाइन! से इट! एटी नाइन!”

काउंटरच्या काचेखाली कागद सरकवायला वीतभर फट आहे. तिच्यातून त्या माणसाने माझं उजवं मनगट धरून बाहेर ओढलं होतं. माझा गाल काचेवर चेपला होता आणि पलीकडे, बोटभर अंतरावर, त्याचं ओरडणारं तोंड होतं. त्याच्यामागे काउंटी बिल्डिंगच्या लॉबीत तीस-चाळीस माणसं तेच ओरडत होती. दुपारचे तीन वाजले होते. आमची साहेब लोरेन धावत आली आणि तिने बाहेरचं लोखंडी शटर खाली सोडायचं बटण दाबलं. तिला वाटलं, शटर येताना पाहून तो हात सोडेल. त्याने शटर टेकेपर्यंत धरून ठेवला, ऐन वेळी स्वतःचा काढून घेतला आणि शटरवर अंगाचा सगळा भार टाकला. माझी दोन बोटं मोडली. मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

तोवर बाकीच्यांनी बाजूचं दार लाथा घालून उघडलं होतं. एक खुर्ची भिरभिरत आली आणि लोरेनच्या कपाळावर बसली. ती खाली बसली आणि रक्त डोळ्यांत जात असतानाही मला सांगत राहिली, “मंजू, डोकं खाली. डोकं खाली ठेव.” पोलीस यायला सहा मिनिटं लागली. सहा मिनिटांत कचेरीतले तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि लोरेनच्या नातवंडांचे फोटो जमिनीवर आले.

मी मंजुषा बर्वे. वय चोपन्न. अमेरिकेत मिशिगनमध्ये, नोव्हाय शहरापासून तासाभरावर असलेल्या हार्टवेल काउंटीच्या निवडणूक कचेरीत अकरा वर्षं कारकून आहे. माझा नवरा यशोधन गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. कारकुनी हे काही सांगण्यासारखं काम नव्हे, पण मला ते येतं. लग्नाआधी कोल्हापूरला मी परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजायची. मोजायचं, चिठ्ठीवर आकडा लिहायचा, चिठ्ठी गठ्ठ्याला टाचायची, पुढचा गठ्ठा घ्यायचा. इथे आले, इंग्रजी शिकले, बर्फात गाडी चालवायला शिकले, पण मोजणं मराठीतच राहिलं. कुणाचंही राहतं. माणूस भाषणं कुठल्याही भाषेत ठोकेल, मोजतो मात्र आईच्या भाषेत.

आमचा आमदार फेब्रुवारीत वारला. जागा भरायला पोटनिवडणूक आली आणि तारखेवरून दोन्ही पक्ष एकमेकांच्या नरड्यावर बसले. एकाला ती मे महिन्यात हवी, दुसऱ्याला ऑगस्टमध्ये. कोर्टबाजी झाली, तारीख दोनदा बदलली, शेवटी मे ठरला आणि पक्षाच्या उमेदवारीसाठी अर्ज भरायला उरले नऊ दिवस. दोनशे मतदारांच्या सह्या आणायच्या होत्या. ब्रॅड केसलर नावाच्या उमेदवाराने घाईघाईत दोनशे छत्तीस आणल्या, त्यातल्या बऱ्याच एका मॉलच्या दारात उभं राहून. मॉलचं अर्धं पार्किंग शेजारच्या मतदारसंघात आहे. मी एकेक नाव यादीशी ताडून पाहिलं. एकशे पंचाण्णव भरली. पाच कमी पडली, त्याचा अर्ज बाद झाला. जे होतं ते मी लिहिलं.

चूक केली ती एकच. त्याच्या शेवटच्या गठ्ठ्यावरची पिवळी चिठ्ठी काढायची राहिली. तिच्यावर मी लिहिलं होतं: ओके ४१. ओके इंग्रजीत, आकडा मराठीत. केसलरच्या माणसांनी कागद बघायला मागितले, त्यांचा हक्कच होता, आणि चिठ्ठीचा फोटो काढला. आपला चार त्यांना आठ दिसला, आपला एक त्यांना नऊ दिसला. संध्याकाळपर्यंत तो फोटो हजारो लोकांच्या फोनवर होता. कारकुनाने आधी एकोणनव्वद सह्या ओके केल्या, मग अठ्ठेचाळीस गिळल्या! त्या गठ्ठ्यात मुळात होत्याच साठ. साठांत एकोणनव्वद कशा बसतील, हे बघायला कुणालाही सवड नव्हती. दुसऱ्या दिवशी ते लॉबीत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमधून प्लास्टर घालून यशोधनबरोबर घरी आले, तर ड्राइव्हवेत आणून ठेवलेल्या माझ्या गाडीच्या सगळ्या काचा फुटलेल्या होत्या. भर दिवसा. गॅरेजच्या दारावर लाल रंगात माणसाच्या उंचीचा आकडा होता: 89. शेजारचे लोक आपापल्या खिडक्यांत उभे होते. त्यांच्यातला कुणीही बाहेर आला नाही. सत्तावीस वर्षं यांच्या पोरांना मी दिवाळीचे लाडू पाठवले.

यशोधन पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आला आणि रोलर फिरवायला लागला. लाल रंग पांढऱ्यातून गुलाबी होऊन वर येत राहिला. तिसऱ्या हाताला त्याने रोलर आपटला.

“तुला मराठीत लिहायची काय गरज होती गं? अकरा वर्षं झाली. कॉमन सेन्स नाही का?”

“ती माझी चिठ्ठी होती. माझ्यापुरती.”

“गव्हर्नमेंट ऑफिसमध्ये माझ्यापुरतं असं काही नसतं, मंजू! ह्या लोकांना आपण आधीच नको आहोत, यार, आणि तू त्यांच्या हातात आयता दगड दिलास.”

शटरखाली बोटं गेली तेव्हा मी रडले नव्हते. यशोधनच्या या बोलण्याने रडले, आणि मला त्याचा भयंकर राग आला. एवढा की जमिनीवरचा रंगाचा डबा मी पायाने उडवला आणि तो त्याच्या पँटवर सांडला. आमची मुलगी अनिका शिकागोहून गाडी हाणत आली होती, ती दारात उभी राहून सगळं बघत होती.

“आई, यू आर नॉट गोइंग बॅक देअर. जस्ट क्विट.”

“क्विट केलं तर काय होईल, माहितेय? मग एकोणनव्वदच खरं होईल. सगळे म्हणतील, चोर होती, पळाली.”

“हू केअर्स व्हॉट दे से?”

“आय केअर,” मी म्हटलं. “मी बरोबर मोजलंय.”

एवढंच होतं माझ्याकडे. लोरेनसारखं लोकांनी निवडून दिलेलं पद नाही, यशोधनसारखी पेटंटं नाहीत. मी मोजलेलं बरोबर असतं, एवढी एक गोष्ट.

सोमवारी सकाळी जाहीर फेरमोजणी ठेवली. हॉलमध्ये दोनशे माणसं, भिंतीला चार पोलीस. माझं मनगट धरणारा माणूस जामिनावर सुटून पहिल्या रांगेत बसला होता. लोरेनच्या कपाळावर अकरा टाके होते. निवडणूक बोर्डाचे अध्यक्ष म्हणाले, वादाचा गठ्ठा कारकूनबाईंनी स्वतः सगळ्यांसमोर मोजावा. “मोठ्याने, मॅम. आणि इंग्रजीत, प्लीज.”

ग्राह्य सह्यांवर माझीच हिरवी खूण होती. डाव्या हाताचं बोट तिच्यावर ठेवत मी सुरू केलं. वन, टू, थ्री. ट्वेंटी सेव्हन, ट्वेंटी एट, थर्टी.

डोक्यात एकोणतीस आला होता. त्यातला तीस तेवढा जिभेवर आला. आपल्याकडे एकोणतीस म्हणताना तीस आधीच तोंडात असतो, हे त्या दोनशे माणसांना मी कुठल्या तोंडाने सांगणार?

हॉल उसळला. “बघा! आमच्यासमोर चोरतेय!” आकडा गाळल्याने त्यांची एक सही उलट वाढत होती, पण ते कोण बघणार! मागून पाण्याची भरलेली बाटली आली आणि माझ्या गळ्यातल्या झोळीत अडकवलेल्या हातावर बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढच्या रांगेतला एक जण टेबलावर चढला, पोलिसाने त्याला पायाला धरून खाली ओढलं, त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं आणि दाताचा तुकडा कागदांवर येऊन पडला. लोरेनने तो टिश्यूने उचलला. मला म्हणाली, “बस, मंजू. दुसरं कुणीतरी मोजेल.”

“नाही,” मी म्हटलं. “मीच.”

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी प्रत्येक आकडा मी आधी इंग्रजीत जुळवला, मग उच्चारला. एकोणतीस आला तेव्हा दात आवळून तो आत धरला. एकोणचाळीसलाही. फॉर्टी वन. दोन्ही पक्षांच्या वकिलांनी आपापलं मोजलं. फॉर्टी वन. बोर्डाने लिहून घेतलं. माफी कुणी मागितली नाही. माझ्याकडून मात्र एका कागदावर डाव्या हाताने सही घेतली, की इथून पुढे कचेरीत फक्त इंग्रजी आकडे लिहीन.

तीन आठवड्यांनी वरच्या कोर्टाने तारखेचा निकाल फिरवला. निवडणूक ऑगस्टमध्ये. आधीचे सगळे अर्ज रद्द, सगळ्यांनी नवे भरायचे. माझी बोटं, लोरेनचे टाके, त्या माणसाचा दात, सगळं ज्या निवडणुकीसाठी झालं ती निवडणूक झालीच नाही.

अर्ज घ्यायच्या पहिल्याच सकाळी केसलर आला. इस्त्रीचा शर्ट, बरोबर फोटोवाला. काच नवी होती, फट अरुंद केली होती. त्याने कागद सरकवले. माझी काळ्या पट्टीतली बोटं त्याच्या समोरच होती, तो त्यांच्यावरून नजर फिरवून माझ्या कपाळाकडे बघत राहिला.

“मी कुणालाही हात उचलायला सांगितलं नव्हतं, मॅम,” तो म्हणाला. मग मागच्या लोकांना ऐकू जाईल असं हसला. “या वेळी भरपूर आणल्यात. तुम्ही खुशाल तुमच्या भाषेत मोजा.”

लोक हसले. मी त्याला पोच दिली, तारखेचा शिक्का मारला आणि गठ्ठा घेऊन आतल्या टेबलाशी बसले. दार लावून घेतलं. आत कुणी नव्हतं. मोठ्याने मोजायची गरज नव्हती, इंग्रजीत मोजायचीही नव्हती. पहिल्या सहीवर बोट ठेवलं आणि एक म्हणायला ओठ उघडले.

वन, आलं.

मी थांबले. पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा वन. लोरेन खिडकीतून बघत होती, तिला मी मान हलवून सांगितलं, ठीक आहे. मग टू, थ्री, फोर करत चारशे बारापर्यंत गेले. कुठेही अडखळले नाही.