बावन्न ताऱ्यांची पेटी

रदवा कॉम्प्युटरच्या पेट्या बनवायची. बाजारात मिळतात तसल्या काळ्या पत्र्याच्या नव्हे. गिऱ्हाइकाला हवी तशी, एकुलती एक. कैरोत अशा पेट्यांचं वेड असलेले लोक पुष्कळ आहेत, आणि पेटीच्या आत वारा खेळावा लागतो हे त्यांतल्या निम्म्यांच्या गावीही नसतं. रदवाला मात्र ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिच्या हातून झालं ते अजाणता झालं असं म्हणता येत नाही.

तिचे वडील मेतवल्ली; कसबी कारागीर म्हणून सगळे त्यांना उस्ता म्हणत. जुन्या कैरोतल्या दर्ब अल-अहमर मोहल्ल्यात पंचेचाळीस वर्षं त्यांनी लाकडात शिंपले जडवले. त्यांचे पेटारे बाजारातले दुकानदार आपापल्या नावावर विकत आणि म्हातारा हसून सोडून देई. हिवाळ्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उन्हाळ्यापर्यंत नजर जाणार, उपाय नाही. नेमकं त्याच आठवड्यात हातेम बेचं, म्हणजे हातेमसाहेबाचं, काम आलं. नव्या कैरोत मोठमोठ्या इमारती बांधणारा माणूस. त्याला ऑफिसात ठेवायला जुन्या कैरोच्या थाटाची पेटी हवी होती, आणि आतलं यंत्र गिऱ्हाइकांना इमारती दाखवत दिवसभर चालायला हवं होतं.

रदवाने जडावाचं काम वडिलांना दिलं. हे त्यांचं शेवटचं काम होतं, आणि त्यांचं नाव खाली कोरलं जाणार होतं असं पहिलंच.

तिने काढलेल्या नक्षीत पुढच्या फळीवर बावन्न तारे होते आणि ताऱ्यांच्या मधे वारा जायला फटी. तीन महिने म्हातारा त्या फळीवर वाकून बसला. एका सकाळी रदवा फूल म्हणतात ती बाकल्याची उसळ आणि भाकरी घेऊन आली तेव्हा फटी बुजत चालल्या होत्या.

"बाबा, इथे मोकळं ठेवायचं होतं ना?"

"बोडकं दिसतं गं. जरा बघ तरी आता कसं दिसतंय ते."

तिने पाहिलं. इतकं सुंदर काम तिने त्यांच्या हातचंही पाहिलं नव्हतं. आणि म्हातारा लग्नघरातल्यासारखा खुशीत होता. तिने भाकरी सोडून त्याच्यापुढे ठेवली. मागचे पंखे निभावून नेतील, असं तिने स्वतःलाच समजावलं.

पंख्यांनी निभावलं नाही. मे महिन्यात वाळवंटातलं खमासीनचं तापलेलं वारं सुटलं असताना तिने यंत्र चालवून पाहिलं. विसाव्या मिनिटाला आतला पारा सत्त्याण्णववर गेला आणि यंत्र आपोआप बंद पडलं. तिने पंखे बदलले, खालून वारा घेऊन पाहिला, तरी तेच. पेटीला वारा पुढूनच हवा होता.

दोन दिवस ती पेटीभोवतीच घुटमळत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानेच विचारलं.

"काय झालंय? घरात कुणी मेल्यासारखं तोंड करून फिरतेस."

"यंत्र तापतंय, बाबा. पुढून भोकं पाडावी लागतील." मग तिला राहवलं नाही. "नाहीतर ती पेटी आपणच ठेवू. मी हातेम बेला दुसरी करून देते."

"ठेवून काय करायचं? तिच्यापुढे धूप जाळायचा?" म्हातारा खरोखर चिडला. "माझ्या पेटाऱ्यांत बायकांनी कपडे ठेवले, पोरांनी वर बसून लाथा मारल्या. नुसतं बघायचं असं मी आयुष्यात काही केलं नाही. ते चालणार असेल तर पाड भोकं. म्हणजे तू नको, मीच पाडतो."

आठ दिवस लागले. तापलेल्या सुरीने सरस मऊ करायचा, ताऱ्याच्या पोटातला शिंपला उचकटायचा आणि तिथे गिरमिट फिरवायचं. स्वतःच बसवलेलं स्वतःच काढायचं. तीन तारे तडकले, तरी म्हातारा पुढच्या ताऱ्याकडे वळला. शेवटचे दहा-बारा त्याने नुसते बोटांनी चाचपून केले, कारण तोवर दिसणं जवळजवळ संपलं होतं. रदवा शेजारी बसून तुकडे वेचत होती. तिला रडू येत होतं आणि ते त्याला दिसत नाही याचंही येत होतं.

यंत्र दिवसभर चाललं. सत्तरच्या वर पारा गेला नाही. म्हाताऱ्याने पेटीच्या मागे तळवा धरला, उबदार वारा लागला तशी मान हलवली. जुलैत त्याची नजर पूर्ण गेली.

ऑक्टोबरात रदवा ठरल्याप्रमाणे पेटीतली धूळ साफ करायला हातेम बेच्या ऑफिसात गेली. पेटी दाराशीच, संगमरवरी चौथऱ्यावर, दिव्याखाली ठेवली होती. तारे पुन्हा भरलेले होते. मध्ये चकचकीत प्लास्टिकच्या टिकल्या, कडांना डिंक ओघळलेला. तिने मागचं दार उघडलं. आत काहीच नव्हतं.

"यंत्र कुठंय?"

"ते ना, इंजिनीयरबाई, टेबलाखाली," तिथला माजिद नावाचा कारभारी म्हणाला. त्याने पायानेच दाखवलं. काळ्या पत्र्याची साधी पेटी घुरघुरत होती. "पहिल्याच दिवशी हलवलं. एवढी देखणी वस्तू, वायरी लोंबत्या बऱ्या दिसतात का? आणि ती भोकं म्हणजे अगदी चाळणी हो. बे म्हणाले, बुजवून टाका."

"पहिल्याच दिवशी?"

"तर काय. एकदाही चालू केलं नाही. नवीकोरी आहे बघा."

बडा घर पोकळ वासा म्हणतात, पण इथे वासा पोकळ करून मिरवणाऱ्याला त्याची लाजही नव्हती. रदवाला ओरडायचं होतं. तिने दार लावलं, हत्यारं पिशवीत भरली आणि निघाली.

घरी म्हातारा उन्हात खुर्ची टाकून बसला होता. पावलं ओळखून म्हणाला, "आलीस? चालतंय ना यंत्र?"

"चालतंय, बाबा."

"धूळ किती निघाली?"

"अजिबात नव्हती."

"आणि तापतं का?"

रदवा त्याच्या पायाशी बसली. "नाही. हात लावून पाहिला मी. गार होती पेटी."

"बघ," म्हातारा समाधानाने म्हणाला, "जिवावर आलं होतं, पण भोकं पाडली ते बरं केलं."