आठ मिनिटांचा सांधा

मी एक जुना सांधा आहे, मित्रांनो. कोपराचा. पण आधीच सांगून टाकतो, मी कुणाच्याही कोपरात राहत नाही. ऑपरेशनच्या खोलीत मला ‘ट्रायल’ म्हणतात. तुम्ही बूट घ्यायला गेलात की दुकानदार आधी एक जोड पायात घालून बघायला देतो ना, तसंच माझं. पेशंटच्या हाडात आधी मला बसवायचं, हात वाकवून बघायचा, सरळ करून बघायचा. माप पटलं की मला काढायचं आणि माझ्याच तोंडावळ्याचा नवाकोरा सांधा तिथे कायमचा बसवायचा. माझ्या वाट्याला आठ मिनिटं येतात. फार तर नऊ.

माझा जन्म कारखान्यात, लेथ मशीनवर झाला. पोलादाच्या एका कांबीतून मिस्त्रीकाकांनी मला घडवलं. दोन दांडे, एक दंडाच्या हाडात जाणारा, एक कोपराखालच्या हाडात, आणि मधे बिजागरी. मानेवर त्यांनी पाच नंबर कोरला. शेजारच्या टेबलावर खरे सांधे तयार होत होते. त्यांचं काय ते कौतुक! हातमोजे घालून उचलायचे, दोन-दोन डब्यांत बंद करायचे. मला मात्र काका उघड्या हातांनी पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, “बाबा रे, तुला राहायचं नाहीये. तू नुसतं जाऊन बघून यायचंस. पण खोटं बोलू नकोस. तू बसलास तिथे तो खरा सांधाही बसला पाहिजे.” मला भारी राग आला होता. पोलाद आहे, जरा मस्ती असायचीच अंगात.

मग दवाखाना. सकाळी वाफेच्या पेटीतून कडकडीत गरम होऊन निघायचं, हिरव्या कापडावर पडायचं आणि बोलावणं आलं की आत. शिडीवरून पडलेला एक म्हातारा रंगारी होता, त्याच्या कोपराचा अगदी चुरा झाला होता. सांधेदुखीने हात आखडलेला शिंपी होता, निवृत्त शिक्षिका होती. मला आत बसवलं की मोठे डॉक्टर हात वाकवायचे आणि हमखास म्हणायचे, “वा! काय बसलाय!” मी असा फुगायचो म्हणता! आणि पुढच्याच क्षणी हातोडीचे दोन ठोके, ठक ठक, की मी बाहेर. मग डबा उघडायचा, हाडात सांधा चिकटवायचं सिमेंट कालवायचं आणि तो खरा सांधा थाटात आत जायचा. जागा मी करून द्यायची आणि हा आयत्या बिळावर नागोबा!

ते सिमेंट दहा-बारा मिनिटांत दगडासारखं घट्ट होतं. मग तो सांधा त्या माणसाचा होतो, त्याच्याबरोबर घरी जातो. तो दार उघडतो, केस विंचरतो, नातवाच्या पाठीवरून फिरतो. मी परत वाफेच्या पेटीत. तुमच्यापासून काय लपवायचं, मला हेवा वाटायचा. शिंपी टाका घालताना हात कसा उचलत असेल, ते बघायला मिळावं म्हणून माझा जीव तुटायचा. कुणी कधी येऊन सांगितलं नाही. कोण सांगणार?

अशी वर्षं गेली आणि एक दिवस त्या आजी आल्या. उजवं कोपर सांधेदुखीने लाकूड झालेलं. डावं पूर्वी पडून मोडलेलं आणि वाकडंच जुळलेलं. त्यामुळे दोन्ही हातांपैकी एकही तोंडापर्यंत जात नव्हता. त्या दिवशी उजव्याचं ऑपरेशन होतं. भूल द्यायच्या आधी सिस्टर त्यांच्याशी गप्पा मारत होत्या. या सिस्टर प्रत्येक ऑपरेशनच्या आधी आणि नंतर सगळी हत्यारं, सगळे बोळे दोन-दोनदा मोजायच्या आणि इतरांनाही मोजायला लावायच्या, म्हणून त्यांचं नावच पडलं होतं ‘पुन्हामोजा’.

“आजी, घाबरला नाहीत ना?”

“घाबरतेय कसली? तीन वर्षं झाली, हे मला भरवतायत. आधी मला घास, मग स्वतः. तोवर त्यांचं ताट गार होऊन जातं. आणि वर म्हणतात, मला गारच आवडतं! लबाड कुठले.” आजी हसल्या आणि मग हसता हसता थांबल्या. “मला स्वतःच्या हाताने जेवायचंय गं. बाकी काही नको. एवढं डॉक्टरांना सांग.”

“सांगते हो,” सिस्टर म्हणाल्या.

मला आत बसवलं. डॉक्टरांनी आजींचा हात वाकवला आणि बोटं थेट हनुवटीवरच्या कापडाला टेकली. सगळी खोली खूश. मी नव्हतो. कारण मला माझं गुपित माहीत होतं. इतक्या वर्षांच्या ठोकाठोकीने, वाफेने, घासाघाशीने मी झिजलो होतो. पूर्वी जिथे अडायचो तिथून आता अल्लाद खाली सरकत होतो. मी बसत होतो, पण माझ्या मापाचा नवा सांधा तिथे बसला नसता. मिस्त्रीकाकांनी एकच गोष्ट करू नकोस म्हणून सांगितलं होतं आणि मी नेमकं तेच करत होतो. मित्रांनो, मला तोंड नाही. पण असतं तरी मी बोललो नसतो. “काय बसलाय” हे ऐकायची सवय वाईट असते.

“फर्स्टक्लास!” डॉक्टर म्हणाले आणि मला बाहेर काढलं. “चला, सिमेंट कालवा.”

“सर, थांबा.” सिस्टर मला फडक्याने पुसत होत्या. “याचा नंबर दिसत नाहीये.”

“पाच आहे हो तो. वर्षानुवर्षं वापरतोय आपण.”

“तेच म्हणतेय मी, सर. आकडा झिजलाय म्हणजे अंगही झिजलं असणार. सिमेंट घट्ट झाल्यावर कळलं तर काय करायचं?”

मोठ्या डॉक्टरांना मधेच थांबवायची कुणाची छाती नव्हती. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली होती. त्यांनी मला वर उचलून दिव्याखाली धरलं, अंगठा माझ्या मानेवरून दोनदा फिरवला.

“नवा सेट आहे का?”

“कालच आलाय. वाफेतून काढून तयार ठेवलाय.”

नवा पाच नंबर आत गेला आणि अडला. नखभर वरच राहिला. डॉक्टरांनी हात वाकवला तर बोटं हनुवटीच्या वीतभर खालीच थांबली. माझ्या भरवशावर पुढे गेले असते तर आजी जन्मभर तशाच राहिल्या असत्या, घास हातात आणि तोंड वीतभर लांब. डॉक्टरांनी हाडातली जागा हळूहळू आणखी कोरली. पुन्हा बघितलं, पुन्हा कोरली. शेवटी नवा ट्रायल पूर्ण खाली बसला आणि बोटं कापडाला टेकली. मी स्टीलच्या वाटीत पडून हे सगळं ऐकत होतो.

“सिस्टर, तुम्हाला कोपरापासून नमस्कार,” डॉक्टर म्हणाले. “आणि हा जुना यापुढे ऑपरेशनला नको. माझ्या टेबलावर ठेवा, पेशंटला दाखवायला होईल.”

माझी नोकरी अशी संपली. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तपासणीच्या खोलीतल्या टेबलावर, औषधांच्या चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवायचे. डॉक्टर मला हातात घेऊन लोकांना समजावायचे, “हे बघा, असा सांधा आत जातो. दुखणं थांबेल, हात वाकेल. पण या हाताने भरलेली बादली उचलायची नाही, कधीच नाही. जपाल तर पुष्कळ वर्षं टिकेल.” लोक म्हणायचे, “बाई गं, एवढं लोखंड?” आणि पटकन नजर वळवायचे. दार वाजलं की मला वाटायचं, आजी असतील. नसायच्या.

तीन महिन्यांनी त्या आल्या. बरोबर आजोबा होते, सडपातळ, सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा नीट लावलेलं. डॉक्टर आजींच्या टाक्यांचा व्रण बघत होते तेव्हा आजोबांचे हात रिकामे होते. त्यांनी टेबलावरून मला उचललं आणि माझी बिजागरी वाकवत, उघडत बसले.

“हात जातो ना तोंडापर्यंत?” डॉक्टरांनी विचारलं.

“जातो की! पहिल्या दिवशी सगळं ताट माझ्या हाताने संपवलं. बघून बघून शेजारीण रडली.” आजींनी आजोबांकडे बघितलं. “पण हे बघा ना डॉक्टर, जेवायच्या वेळी हे समोर नुसते बसून राहतात. हात मांडीवर ठेवून. काय करावं ते त्यांना सुचतच नाही.”

“काहीतरीच काय,” आजोबा म्हणाले. “मी आपला गरम जेवतो आता.”

“बरं, दाखवा बघू,” डॉक्टरांनी चहाच्या बशीतलं बिस्कीट पुढे केलं. “हे खाऊन दाखवा.”

आजींनी बिस्कीट घेतलं. हात उचलला, कोपर वाकलं, माझ्या मापाने नव्हे तर खऱ्या मापाने. बोटं ओठांपर्यंत गेली आणि तिथून वळून आजोबांच्या तोंडाशी आली.

“अहो आजी, तुम्ही खायचंय!”

“माझं खाऊन झालंय डॉक्टर. तीन वर्षं खाल्लं. आ करा हो.”

आजोबांनी आ केला. त्यांची मूठ माझ्यावर इतकी आवळली की माझी बिजागरी वाकेना. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंडात बिस्कीट, त्यामुळे बोलता येईना. किती मिनिटं झाली कोण जाणे. आठाहून नक्कीच जास्त.

“आजोबा, तो सांधा ठेवा इथे,” डॉक्टर हळूच म्हणाले.

“हो हो, ठेवतो,” आजोबा म्हणाले, पण लगेच ठेवला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं कुणी असेल, ज्याचं काम आता संपलंय. त्याला लगेच खाली ठेवू नका. थोडा वेळ हातात धरा.