उन्हाला धरलेली जाळी

गोजराबाईच्या घरी एकावर एक बसणाऱ्या दोन भांड्यांच्या कॉफी फिल्टरची कामं लग्नापासून वाटलेली होती. पूड दाबून वर उकळतं पाणी ओतायचं, ते गोजराबाईनं. दर रविवारी फिल्टर घासूनपुसून झाला की वरच्या भांड्याचा जाळीदार तळ उन्हाला धरून त्याचं भोक न् भोक उघडं आहे का ते बघायचं, ते तिच्या नवऱ्यानं, प्रतापरावांनी. त्या कामात तिनं कधी डोकावलं नाही. का डोकावावं? ज्या माणसानं बंगळूरच्या पीण्या भागातल्या कारखान्यात एकतीस वर्षं पत्र्याच्या जाळ्याच तपासल्या, ट्यूबलाइटसमोर एकेक चकती धरून 'पास' नि 'फेल' म्हणत जन्म काढला, त्याच्या नजरेवर आपली नजर कशाला? ते म्हणाले भोकं बुजली, की बुजली. मग ती भांड्याचा तळ गॅसवर लाल होईस्तोवर तापवायची, अडकलेली पूड जळून जायची आणि दुसऱ्या सकाळी भांडं पुन्हा बोलायला लागायचं. टप. टप. टप. त्या ठेक्यावर ती आपली पुटपुटायची :

थेंबामागं थेंब बाई, कापी उतरते काळी
धन्यानं गं माझ्या, उन्हात पाहियली जाळी

पण यंदा उन्हाळ्यापासून काय झालं कोण जाणे, दर रविवारी जाळी बुजलेलीच. तिनं तापवावी, त्यांनी उन्हाला धरावी आणि मान हलवावी. "अगं, अर्धी भोकं बंदच की." पुन्हा तापव, पुन्हा बंद. शेवटी त्यांनी शिवणाच्या डब्यातली जाड सुई घेतली आणि अंगणात बसून एकेक भोक टोचून मोकळं केलं. भोकं रुंदावली आणि तेव्हापासून कॉफीत गाळ यायला लागला. पेल्याच्या तळाशी काळा चिखल. सून रम्या तोंडातून पूड काढत ऑफिसला जायची आणि मुलगा गिरीराज म्हणायचा, "अम्मा, पुरे आता. करंटवरची मशीन घ्या. बटण दाबलं की झालं."

गोजराबाईला मनातून एक गोष्ट खटकत होती. सुई लागायच्या आधीही सकाळचे थेंब तिला तसेच ऐकू येत होते, तेवढेच, त्याच चालीनं. बुजलेली जाळी अशी गाते होय? पण कानावर विश्वास ठेवायचा की नवऱ्यावर? तिनं नवऱ्यावर ठेवला होता.

दसऱ्याच्या सुट्टीतला शेवटचा शनिवार. सोमवारपासून नातीची, चंदनाची, शाळा. के. आर. पुरमच्या घरून शाळेपर्यंत तिला नेणं-आणणं प्रतापरावांकडे, स्कूटरवरून. गेल्या वर्षी रिटायर झाल्यापासून तेवढंच त्यांचं काम, आणि त्या कामाचा त्यांना केवढा अभिमान. शाळेच्या दिवशी सकाळी पावणेआठला इस्त्रीचा शर्ट घालून ते स्कूटर पुसत उभे. आज मात्र स्कूटर निघाली इंदिरानगरला, भांड्यांच्या दुकानात, नवा फिल्टर घ्यायला. पुढं उभी चंदना, मागं आडवी बसलेली गोजराबाई, हातात जुना फिल्टर पिशवीत. नमुना म्हणून.

रेल्वे फाटकाशी घंटा वाजत होती. तांबडा-पांढरा दांडा खाली येत होता, सगळी गर्दी थांबलेली. प्रतापरावांची स्कूटर थांबेना.

"अहो!" गोजराबाईनं त्यांचा शर्ट मुठीत धरला. "अहो, दांडा!"

करकचून ब्रेक लागला. दांडा चंदनाच्या कपाळापासून वीतभर लांब येऊन थांबला. पोरीला गंमत वाटली, ती हसली. मागचा लॉरीवाला कन्नडमधून काहीबाही बोलला.

"ओरडतेस काय कानात?" प्रतापराव म्हणाले. "थांबतच होतो मी."

इंदिरानगर येईपर्यंत गोजराबाईनं शर्टाची मूठ काही सोडली नाही.

दुकानदार हयवदन हा मूळचा धारवाडचा, कपाळावर गंधाची उभी रेघ, बोलणं मराठी-कन्नडची मिसळ. "बर्री रायरे, या राव, या अक्का," करत त्यानं फळीवरून फिल्टर काढले. पितळेचे, स्टीलचे, दोन पेल्यांचे, दहा पेल्यांचे. प्रतापरावांनी झाकणं बाजूला सारली, पूड दाबायची दांडीची चकती बाजूला ठेवली, वरचं भांडं उचललं आणि दुकानाच्या दारात जाऊन उन्हाला धरलं. एक डोळा मिटला. कारखान्यात धरत तसंच, कोपर छातीला टेकवून.

"फेल."

"काय म्हणता?" हयवदन हसला.

"भोकं बंद आहेत. दुसरा द्या."

दुसरा आला. "फेल." तिसरा, पितळेचा, जड. प्रतापरावांनी तो जास्तच वेळ धरला, फिरवला. "हाही. कोण पंच करतं हो हे? भोकं पाडायची डाय बोथट झालीय त्याची. माझ्या हाताखाली असता तर कान उपटला असता."

हयवदनचं हसू मावळलं. "रायरे, माझ्या बापाच्या वेळेपासून हे दुकान. असा माल ठेवत नाही मी."

"ठेवलाय की! हे काय मग?"

शेजारी उभ्या दोन गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. गोजराबाई ओशाळली. नवऱ्याच्या हातून भांडं घेऊन परत ठेवावं म्हणून तिनं ते उचललं, आणि लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा, सहजच, जाळी उन्हाला धरून बघितली.

आत सगळं आभाळ होतं. भोकाशेजारी भोक, भोकाशेजारी भोक, बारीक, गोल, लखलखीत. एवढ्याशा तळात कुणी मूठभर चांदणं पेरावं तसं.

तिनं दुसरं भांडं उचललं. तेही तसंच. तिसरंही.

फाटकाची घंटा पुन्हा कानात वाजली. तो दांडा, तो वीतभर वारा, ते इवलंसं कपाळ. आणि सोमवार. पावणेआठ.

"अज्जी, मला बघू." चंदनानं टाचा उंचावून भांडं ओढलं. "अय्यो, किती उजेड! अज्जा, यात तर…"

गोजराबाईनं तिचा दंड दाबला. इतका जोरात की पोर बोलायचं थांबून आजीच्या तोंडाकडे बघतच राहिली.

काय करावं बाईनं? चारचौघांत म्हणावं का, की अहो, तुम्हाला दिसत नाही? या माणसाला, ज्याच्या नजरेचा कारखान्यानं निरोपाच्या दिवशी शाल घालून सत्कार केला? आणि न म्हणावं, तर थोड्या वेळानं त्याच स्कूटरवर नात पुढं उभी राहणार. तिला वाटलं, मीच चुकत असेन. एकदा खात्री करावी. देवा, मीच चुकत असेन असं कर.

काउंटरवर विकायला ठेवलेली करंटची मशीन होती. काचेचा जार, काळं अंग, बटणात तांबडा दिवा. गोजराबाईनं तिचं बटण दाबलं. वायर तशीच गुंडाळलेली, पिन काउंटरवर पडलेली.

"अहो," ती म्हणाली, आवाज जमेल तेवढा सरळ ठेवून, "गिरी म्हणत होता ती हीच. बघा बरं, दिवा लागलाय का हिचा?"

प्रतापरावांनी मशीनकडे बघितलं. क्षणभर कपाळाला आठी पडली. मग ते घाईनं म्हणाले, "लागलाय की. चांगला लाल लागलाय. घेऊन टाकू हीच. जाळ्या तर कुठंच धड नाहीत."

हयवदन काहीतरी बोलायला गेला. त्याची नजर पिनेवर गेली, मग गोजराबाईवर. तिच्या डोळ्यांत काय होतं ते त्याला दिसलं असावं. तो पुढं झाला आणि अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाला, "पुट्टी, बाळ, आत ये, तुला खेळण्यातली चूलबोळकी दाखवतो." वाटेत त्यानं पाण्याचा तांब्या उचलून गोजराबाईसमोर ठेवला. "अक्का, स्वल्प सावकाश बघा. घाई नाही."

गिऱ्हाइकं पांगली होती, दारात दोघंच उरली. गोजराबाईनं पहिला फिल्टर जोडला आणि वर तांब्यातलं पाणी ओतलं.

टप. टप. टप.

प्रतापरावांनी मान तिरकी केली. ऐकलं. "हा बरा दिसतोय. हा कुठला काढला?"

"तुम्ही पहिला फेल केला तो."

"छे."

"तोच आहे."

"बुजलेल्या जाळीतून पाणी पडेल का असं? वेडी आहेस." त्यांनी भांडं तिच्या हातून हिसकावलं, पुन्हा उन्हाला धरलं. पाणी त्यांच्या मनगटावरून इस्त्रीच्या बाहीत शिरलं. ते बघत राहिले. डोळा बदलला, पुन्हा बघितलं. मग भांडं ठेवून ते झपाट्यानं पायऱ्या उतरले, स्कूटर स्टँडवरून काढली, किल्ली लावली.

"चंदना! चल गं, पुढं उभी राहा. नको आपल्याला इथलं काही."

चंदना चूलबोळकी टाकून धावत आली. पायरी उतरणार तोच गोजराबाई आडवी झाली. नातीला पदराआड मागं सारून ती खाली उतरली आणि स्कूटरच्या पुढच्या चाकासमोर उभी राहिली. रस्ता वाहत होता, रिक्षा हॉर्न देत होत्या. पस्तीस वर्षांत ती त्यांच्या वाटेत अशी कधी उभी राहिली नव्हती.

"बाजूला हो, गोजरा."

"नाही."

"लोक बघतायत."

"बघू देत. फाटकाचा दांडा दिसला होता तुम्हाला?"

प्रतापरावांनी स्कूटरचं हँडल वळवलं, पुन्हा सरळ केलं.

"मला वाटलं, तू उगाच घाबरलीस," ते शेवटी म्हणाले. मग अगदी खालच्या आवाजात, "भोकं होती त्यात?"

"होती."

"किती?"

"सगळी."

त्यांनी किल्ली फिरवली. काढली नाही, नुसतीच इकडून तिकडे फिरवत राहिले. "धुकं असतं गं," ते म्हणाले. "सकाळी असतं, दुपारीही असतं. मला वाटलं चष्म्याची काच घासली. मग वाटलं, हल्ली मालच तसा येतो." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "कारखान्यात शेवटच्या वर्षी… व्यंकोजीच्या मशीनवरचा माल मी ढिगानं फेल केला. सगळ्यांसमोर बोललो त्याला. म्हटलं, हात लुळे पडलेत का तुझे. तो चकती हातात घेऊन नुसता बघत होता माझ्याकडे. उलटून बोलला नाही. त्याला ती भोकं दिसत असणार, गोजरा. सगळ्यांना दिसत असणार. शाल घातली आणि पाठवलं."

गोजराबाईनं हात पुढं केला. तळवा उघडा. कपाळावरून घाम नाकापर्यंत आला तरी तिनं तो पुसला नाही, हात तसाच धरला.

"मोतीबिंदू असेल. निघतो तो," ती म्हणाली. "डोळ्याच्या डॉक्टरकडे मी येते बरोबर. व्यंकोजीच्या घरीही येते. पण स्कूटर आज नाही. सोमवारीही नाही."

"मग तिला शाळेत कोण…"

"तुम्हीच. बसनं. हात धरून."

पायरीवर चंदना एका पायावर उभी, कुणी रागावलंय की रडतंय हे तिला कळेना. मग किल्ली गोजराबाईच्या तळव्यावर पडली. गरम होती.

हयवदननं स्कूटर दुकानामागच्या सावलीत लावून घेतली. "मुलाला पाठवा अण्णा, घेऊन जाईल. कुठं जात नाही ती." फिल्टर पुसता पुसता त्यानं विचारलं, "मग कुठला? मशीन की…"

गोजराबाईनं नवऱ्याकडे बघितलं. प्रतापरावांनी तिन्ही भांडी पुढं ओढली. या वेळी उन्हाकडे वळले नाहीत. अंगठ्याचं पेर तळावरून हळूहळू फिरवलं, बाहेरून, मग आतून, धान्य चाळताना हात फिरावा तसं. पहिलं ठेवलं. दुसरं ठेवलं. पितळेच्या तिसऱ्यावर अंगठा एका जागी थबकला, मागं गेला, पुन्हा थबकला.

"हा द्या."

"त्यात काही असेल तर बदलून देतो रायरे."

"असू दे. हाच द्या."

रिक्षात चंदना मधे बसली. फाटकाशी पुन्हा थांबावं लागलं. दांडा खाली, गाडी यायची होती. प्रतापरावांनी पिशवीतून पितळेचं भांडं काढलं आणि नातीच्या हातात दिलं.

"धर उन्हाला. कोपर छातीला टेकव. हां. एक डोळा मीट. आता नीट बघून सांग."

पोरीनं जीभ दातांत धरून बघितलं. गोजराबाईच्या ओठांवर आपसूक ओळ आली. उन्हाला धरली जाळी, नात मोजते गं तारे… पुढची ओळ काही सुचेना. तिनं तिला ओढलंही नाही.

"सगळी उघडी, अज्जा," चंदना म्हणाली. मग, "थांबा, थांबा. एक बंद आहे. इथं, कडेला."

प्रतापरावांनी न बघता हात नेला. अंगठा थेट त्या जागेवर टेकला.

"हेच ना?"

"हां! तुम्हाला कसं कळलं?"

"दुकानातच लागलं होतं हाताला." ते भांडं मांडीवर घेऊन बसले. "पॉलिश अडकलंय. घरी गेल्यावर अज्जी तापवेल, जळून जाईल. सुई नाही लावायची."

गाडी धडधडत गेली. दांडा वर जायला लागला, तसा गोजराबाईनं त्यांच्या ओल्या बाहीला हात लावला. "उघडलं बरं का फाटक," ती म्हणाली, आणि रिक्षा पुढं निघाली.