सोडलेला मासा

रामरावनं फोटो उलटा करून मागची बाजूही पाहिली. मग ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"आन् एवढा मोठा मासा तू सोडून देल्ला?"

उकंडानं मान डोलावली. गेल्या हंगामात तालुक्यात सगळ्यात जास्त कापूस त्याच्या वावरात निघाला, म्हणून बियाण्याच्या कंपनीनं त्याला अंदमान दाखवून आणलं होतं. तिथं साहेबलोक बोटीनं खोल समुद्रात जात, घाम गाळून मासा ओढत, त्याच्याबरोबर फोटो काढत आणि परत पाण्यात सोडून देत. हौस म्हणे! उकंडाच्या गळाला माणसाएवढा मासा लागला, तोही तसाच गेला.

आता घाटंजीकडच्या गावाला हे पटावं कसं? इथं नाल्यात हातभर मरळ सापडली तरी शेजारीपाजारी वाटे जातात. उकंडानं माशाची बातमी फोनवर दिली, तेव्हा सत्यभामानं मसाला वाटून ठेवला होता. नवरा आला तो रिकाम्या हातानं. सुकवून तरी आणायचा, एवढंच ती म्हणाली आणि तेव्हापासून कामापुरतं बोलू लागली.

माशाचं एक वेळ जाऊ द्या. उकंडाचा जीव टांगणीला लागला होता तो दुसऱ्याच गोष्टीनं. बोटीवर कंपनीचा साहेब दुसऱ्याला हसत सांगत होता, की या बियाण्याला आता बोंडअळी जुमानत नाही, उरलेला माल तेवढा यंदा खपवून टाकू. आल्या दिवसापासून उकंडा घरोघर जाऊन सांगत होता, हे बियाणं घेऊ नका.

लोक काय मूर्ख होते? स्वतः याच बियाण्यावर मोठा झाला, फुकटात समुद्र पाहून आला, आता आपल्याला नको म्हणतो. ज्यानं मासा लपवला तो चांगलं बियाणं स्वतःपुरतं नाही लपवणार? दुकानासमोर रांग लागली. रामराव त्याचा लहानपणचा दोस्त, पण त्याच्याही पायाशी पिशवीत तीच पाकिटं होती. उद्या पेरणीला सगळ्या वावरात तीच टोबायची होती.

उकंडाला वाटलं, यांना पटेल असंच काही सांगावं.

"विकला मासा," तो खाली मान घालून म्हणाला. "पैसे ठून घेतले. चुकलं माह्यं."

सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. रामरावनं त्याच्या पाठीवर थाप मारली, आता कसा बोलला म्हणाला. दारात उभी सत्यभामा कितीतरी दिवसांनी हसली आणि चहा ठेवायला आत गेली.

उकंडाला धीर आला.

"पण बियाण्याचं मी सांगतो ते खरं हाय, रामराव. उद्या टोबू नको."

रामरावनं फोटो त्याच्या हातात ठेवला आणि पिशवी उचलली.

"मासा सोडला, तेबी मघापर्यंत खरंच होतं ना तुह्यं," तो म्हणाला आणि चहाला न थांबता निघाला.