काठीवर नसलेला दिवस

मी एक जुनी काठी आहे. मित्रांनो, मला कुणी नुसती काठी म्हटले तर मला बरे वाटते. पण ज्या काचेच्या पेटीत मला आडवे ठेवले आहे, तिच्यावर माझ्याबद्दल बरेच काही लिहिलेले आहे. ‘स्वीडनमधील शेतकऱ्यांची लाकडी दिनदर्शिका’ असे तिथे आहे. दिनदर्शिका! हा शब्द कुणी मोठ्याने वाचला की मला मान खाली घालावीशी वाटते. काठीला मान नसते म्हणून निभावते.

माझा जन्म सिल्यान तळ्याच्या पलीकडच्या जंगलातला. हालवार नावाच्या शेतकऱ्याच्या आजोबांनी एका सरळसोट भूर्जाची फांदी तोडली, दोन हिवाळे चुलीवर वाळवली आणि चाकूने तिच्या दोन्ही बाजू सपाट केल्या. एका बाजूला हिवाळा कोरला, दुसरीला उन्हाळा. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक खाच, आणि मोठ्या दिवसांवर खुणा. नाताळावर मद्य पिण्याचे शिंग, संत ऊलोफच्या दिवसावर कुऱ्हाड, संत एरिकच्या दिवसावर जवाचे कणीस. आमच्याकडे म्हणतात, एरिक कणीस देतो आणि ऊलोफ भाकरी देतो. ते कणीस आजोबांनी इतके नाजूक कोरले होते की त्याची कुसळेसुद्धा बोटाला लागत.

माझ्या अंगावर चामड्याची एक वादी बांधलेली असे. रोज संध्याकाळी घरचा कर्ता पुरुष ती एक खाच पुढे सरकवी. वादी जिथे, तो आजचा दिवस. दर चौथ्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस ती एक संध्याकाळ जागची हलत नसे, कारण त्या वर्षी एक दिवस जास्तीचा असतो. एवढे सांभाळले की माझे गणित कधी चुकत नसे. आजोबा गेले, वडील गेले, मी हालवारकडे आले. तळ्याच्या अल्याडची सगळी माणसे पेरणी कधी, गुरे रानात कधी न्यायची, हे विचारायला आमच्या दारी येत. हालवार मला भिंतीवरून काढी, वादीवर अंगठा टेकवी आणि न्यायाधीशासारखे सांगे. मला त्याचा भारी गर्व होता. कोपऱ्यातल्या झाडूकडे मी बघतसुद्धा नसे.

मग भुकेची वर्षे आली. जव कणसात दाणा धरायच्या आधीच गोठून जाई, आणि माणसे पिठात झाडाची साल दळून घालत. त्या वर्षांनी हालवारची दोन लहान लेकरे नेली. उरला एकटा यूनास. आमच्या भागातल्या चार-पाच शेतांनी मिळून राजाला एक शिपाई द्यायचा अशी रीत होती. शिपायाला झोपडी मिळे, जमिनीचा तुकडा मिळे, धान्य मिळे. जुना शिपाई मेला तेव्हा यूनासने ती जागा घेतली. फौजेने त्याला नवे नाव दिले, ग्लाद. आमच्या भाषेत त्याचा अर्थ आनंदी. नाव त्याला शोभे, कारण सालीची भाकरी खातानाही तो पोरगा हसत असे.

त्याच्या आईला, मार्गितला, हे मुळीच आवडले नव्हते.

त्या वर्षी, सतराशे साली, फेब्रुवारीत घरची माणसे तळ्यावरच्या बर्फावरून घसरगाडीने चर्चला गेली होती. परत आल्यावर हालवार बूट काढता काढता हसत सुटला. शेजारी चुलीशी बसले होते, त्यांना म्हणाला, “ऐकलंत ना पाद्रीबुवांनी काय वाचलं ते? राजाचा हुकूम आहे, या वर्षी फेब्रुवारीचा जास्तीचा दिवस गाळायचा. बाहेरच्या देशांची पंचांगं पुढं गेली म्हणे, हळूहळू त्यांना गाठायचंय. अरे, दिवस म्हणजे काय मेंढरू आहे, कळपातून बाजूला काढायला?”

सगळे हसले. मार्गित तव्यावरची पातळ भाकरी उलटत होती, तीही हसली.

“राजाचा दिवस राजाकडे,” हालवार म्हणाला. “आमच्या आजोबांची काठी राजाच्या बापाच्याही आधीची आहे.”

मित्रांनो, खरे सांगते, हे ऐकून मी फुगले. फेब्रुवारी संपला त्या संध्याकाळी हालवारने माझी वादी मुद्दाम जागची हलवली नाही. साऱ्या राज्याचा मार्च सुरू झाला. आमच्या घरात फेब्रुवारीच होता.

बर्फ पातळ व्हायच्या आधी यूनास एकदा घरी आला. अंगात निळा कोट होता. युद्धाची बातमी त्यानेच आणली.

“आई, एरिकच्या दिवशी सकाळी आम्ही चर्चच्या टेकडीवरून निघणार. येशील ना?”

“कशाला येऊ? दोन गेली, आता तिसऱ्याला हाताने वाटेला लावू?” मार्गित म्हणाली. “जायचं तर जा. मी नाही यायची बघायला.”

“येशील गं,” यूनास हसून म्हणाला. “मला माहीत आहे तू येशील. तू दिसलीस की सगळ्या पलटणीच्या देखत टोपी काढीन बघ. हवालदाराला काय बोंबलायचं ते बोंबलू दे.”

ती दूध काढायला गेली. तो गेला तेव्हाही ती गोठ्यातच होती.

पुढे बर्फ वितळायला लागला. त्या दिवसांत तळ्यावरून ना घसरगाडी चालते ना होडी, आणि आमच्यासारख्या आडबाजूच्या घरांचा चर्चशी संबंध काही आठवडे तुटतो. घरात बसून मार्गितचा राग हळूहळू उतरला. तिने पांढऱ्या लोकरीचे जाड हातमोजे विणायला घेतले आणि मनगटाशी लाल फुले भरली. रोज वादी सरकली की ती विचारी, “अहो, एरिक किती लांब राहिला?” हालवार मला तिच्यापुढे धरी. ती कणसापर्यंतच्या खाचांवरून बोट फिरवी. माझ्यावर इतक्या प्रेमाने कुणी कधी बोट फिरवले नव्हते, आणि मी मिजाशीत होते.

आदल्या दिवशी ती दोघे निघाली. हालवारने मलाच टेकायला घेतले. तळ्याला वळसा घालून, चिखल तुडवत, वाटेत एका गवताच्या कोठारात अंग टाकून, आम्ही अगदी पहाटे टेकडीशी पोहोचलो. मार्गित सारखी पुढे धावत होती आणि छातीशी ते मोजे होते. म्हणत होती, “अहो, चला की. तुमच्या पायात काय शिसं भरलंय?”

टेकडीवर कुणी नव्हते. गवत तुडवलेले होते आणि घोड्यांची लीद पडली होती. चर्चचा घंटावाला स्टेफान दारात झाडत होता.

“काय हालवारदादा, इतक्या सकाळी?”

“पोराला निरोप द्यायला आलो. अजून कोणीच नाही जमलं?”

स्टेफानने झाडू थांबवला. “दादा, ते तर काल गेले.”

“काल कसे जातील? एरिकचा दिवस आज आहे.” हालवारने मला त्याच्यापुढे धरले. वादी बरोबर कणसावर होती.

“एरिक काल झाला रे बाबा! या वर्षी दिवस गाळलाय, तुझ्यासमोर वाचलं की पाद्रीबुवांनी. सगळ्या मुलखाचं पंचांग एक आणि तुझ्या काठीचं दुसरंच होय?” तो बोलून गेला. मग त्याचे लक्ष मार्गितच्या हातातल्या मोज्यांकडे गेले आणि त्याचा आवाज उतरला. “वहिनी, पोरगा शेवटपर्यंत जंगलाच्या वाटेकडे बघत होता. टोपी काढून हातात धरली होती. हवालदार ओरडला, ‘ग्लाद, टोपी डोक्यावर!’ तेव्हा कुठं घातली. जाताना मला म्हणाला, ‘आईचा राग काही गेला नाही वाटतं.’”

मार्गित रस्त्यावर धावली. वळणापर्यंत धावली, त्याच्या पुढच्या वळणापर्यंत धावली. पण दिवसभर पुढे गेलेली पलटण म्हातारपणाकडे झुकलेल्या बाईला कशी सापडणार? ती परत आली तेव्हा मोजे चिखलाने भरले होते. हालवार मला दोन्ही हातांत धरून तिथेच उभा होता. त्याच्या हाताला घाम सुटला होता, आणि त्या घामाने माझे कणीस ओले झाले.

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, आजोबांनी ही फांदी चुलीवर वाळवली तशी चुलीतच घातली असती तर किती बरे झाले असते.

घरी आल्यावर हालवार मला खरोखरच चुलीत घालणार होता. मार्गितने त्याचा हात धरला. “जाळायची नाही. तिथंच टांगा. पण तोंड भिंतीकडे करून.”

तसे मला टांगले. वादी एरिकच्या कणसावरच राहिली. पुढची बारा वर्षे मी लाकडी भिंत पाहिली आणि घरातले आवाज ऐकले. तारीख विचारायला आता आमच्याकडे कोणी येत नसे. लोक छापील पंचांग आणत. एकदा कोणी चेष्टेने म्हणाले, “हालवारकाका, काय म्हणते काठी, आज काल आहे की उद्या?” त्या घरात यूनासचे नावही कोणी काढत नसे. मीही मनातल्या मनात ते घ्यायला धजत नसे.

मोजे मार्गितने धुऊन पेटीत ठेवले होते. फौज समुद्रापलीकडे गेली, जिंकली, पुढे गेली, आणि मग रशियाच्या मुलखात कुठेतरी सगळीच्या सगळी नाहीशी झाली. एक दिवस निरोप आला की शेतांनी नवा शिपाई द्यावा. यूनासच्या झोपडीत दुसरा कोणी पोरगा राहायला आला. त्याचेही नाव ग्लाद ठेवले. नाव फौजेचे होते, ते त्यांनी परत घेतले.

मग सतराशे बारा सालच्या हिवाळ्यात, तळे टणक गोठलेले असताना, स्टेफान घसरगाडी हाकत थेट आमच्या अंगणात आला. बूटही न झटकता आत शिरून ओरडला, “हालवारदादा, तुझी काठी खरी निघाली रे! पाद्रीबुवांनी आज वाचलं. तो गाळलेला दिवस राजा परत देतोय. या फेब्रुवारीत नेहमीचा जास्तीचा दिवस आहेच, वर आणखी एक. तीस दिवसांचा फेब्रुवारी! कधी ऐकलं होतंस? म्हणजे तुझ्या आजोबांचंच गणित पुन्हा सुरू!”

मित्रांनो, आता जे सांगायचे आहे त्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. भिंतीकडे तोंड करून लटकलेली मी, हे ऐकून मला आनंद झाला! माझे खरे निघाले, आता मला सरळ करतील, लोक पुन्हा दारी येतील, असे वाटून मी क्षणभर पूर्वीसारखी फुगले. त्या घरातून एक मुलगा गेला होता, आणि मला माझ्या खाचांचे पडले होते.

मार्गितने विचारले, “स्टेफानभाऊ, दिवस परतच द्यायचा होता, तर घेतला कशाला?”

“आणखीही गाळायचे होते म्हणे, वहिनी. दर चौथ्या वर्षी एक. पण युद्धाच्या धामधुमीत ते राहूनच गेलं.”

“राहून गेलं,” मार्गित म्हणाली.

फेब्रुवारीच्या तिसाव्या दिवशी सकाळी तिने मला भिंतीवरून काढले. फडक्याने पुसले, पण वादीला हात लावला नाही. पेटीतून मोजे काढले आणि मला टेकत ती बर्फावरून चालू लागली. जरा वेळाने मागे पावले वाजली. हालवार येत होता. घाईत तो उघड्या हातांनीच निघाला होता. इतक्या वर्षांत राबून हातांचे लाकूड झालेली ती बाई माझ्यावर सगळा भार टाकत होती, आणि आपण आता मोडू नये एवढेच मी मनाशी म्हणत होते.

टेकडीवर बर्फ होता आणि वारा होता. जिथे पलटण उभी राहिली होती तिथे मार्गित थांबली. रस्त्याकडे तोंड करून, शेजारच्या माणसाशी बोलावे तशी ती म्हणाली, “यूनास, मी आले होते रे. राग नव्हता. मोजे घेऊन आले होते.”

हालवारने टोपी काढली. मग म्हणाला, “मी ऐकलं होतं गं. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी वाचलं ते सगळं ऐकलं होतं. त्या रात्री गवताच्या कोठारात मला शंकासुद्धा आली. उठलो आणि पुन्हा काठीवरच मोजलं.”

“मीही ऐकलं होतं,” मार्गित म्हणाली. “बायकांच्या बाकावर मी काय झोपले होते? घरी येऊन तुमच्याबरोबर हसले. अहो, तुमच्यापेक्षा माझाच या काठीवर जास्त विश्वास होता.”

मित्रांनो, शिव्या मी पचवल्या असत्या. हे वाक्य मला आजवर पचलेले नाही.

हालवारची बोटे थंडीने निळी पडली होती. मार्गितने मला काखेत धरले, त्याचा एक हात ओढून घेतला आणि त्यात मोजा चढवला. मग दुसरा. यूनासच्या मापाचे होते, त्याला जरा घट्ट झाले. “घाला,” ती म्हणाली. “थंडी आहे.” तो लहान मुलासारखा हात पुढे करून उभा राहिला, आणि रडला. परत जाताना ती एका बाजूने माझ्यावर टेकत होती आणि दुसऱ्या बाजूने त्याच्यावर.

आता ती दोघे नाहीत. मला काचेत ठेवले आहे. मुले येतात, नाताळाचे शिंग शोधतात, कुऱ्हाड शोधतात. जाणकार माणसे चष्मा लावून वाकतात आणि म्हणतात, एरिकच्या कणसाभोवती हा काळपट पट्टा कसला असेल? बारा वर्षे तिथून न हललेल्या वादीचा तो डाग आहे. तीस फेब्रुवारीची खाच माझ्यावर नाही. तसा दिवस आमच्या मुलखात एकदाच उगवला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. आम्हांला वाळवी लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका. पण आमच्या भरवशावर राहू नका. कुणी सांगितले की आता काळ बदलला आहे, तर हसण्याआधी एकदा विचार करा. आणि कोणी निघताना ‘येशील ना’ असे विचारले, तर कुठल्याच काठीवर खाचा मोजत बसू नका. एक दिवस आधीच जा, आणि त्याला लांबून दिसाल अशा जागी उभे राहा.